फुटलेल्या कॉम्प्युटरचा स्कोअर

अवं पोरींनो, या इकडं, जवळ बसा जरा. या ग्रुपवर भुताच्या गोष्टी वाचता अन् मग मोरीत जायले नवऱ्याले उठवता… काही वाटते का नाही? मी तर असल्या गोष्टींले कधीच मानलं नाही. उमरेडले सासर, सारा जन्म हातमागावर गेला. माग अडला तर सूत कुठं गुंतलं ते पाहायचं, लिंबू उतरवायचं नाही — असा माझा स्वभाव. तरी हे लिहून राहिली, कारण या डोळ्यांनी पाहिलं.

आता मी अन् माझी लेक वंदना नागपूरले, महालात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. नवरा मारायचा तिले. एकदा मारून मारून कान फोडला, तेव्हा नेसत्या कपड्यावर निघून आली. बांधायच्या आधीच इमारत आतून-बाहेरून कशी दिसेल, हे कॉम्प्युटरवर फिरवून दाखवायचं काम ती करते. त्यावरच आमची चूल. अन् तिचा कॉम्प्युटर इतका जुना की एक खोली दाखवता दाखवता भात शिजून जाये.

मग मीच शिकली. व्हिडिओ पाहू पाहू कॉम्प्युटरचा डब्बा, म्हणजे कॅबिनेट, उघडायले शिकली. आमच्यात मागाची फणी बदलली की आधी वीतभर विणून पाहतात, मगच खरं कापड धरतात. मी तसंच करे — एक वस्तू बदलायची अन् लगेच बेंचमार्क चालवायचा. म्हणजे मशीनची परीक्षाच वं. पडद्यावर एक खोटं शहर पळते अन् शेवटी स्कोअर येते. रॅम वाढवली, स्कोअर जरासा सरकला. एसएसडी, म्हणजे सारं जमा ठेवायची नवी डिस्क, टाकली तर मशीन पटकन उघडे, पण स्कोअर होता तिथंच. वंदना म्हणे, "माय, खरा जीव ग्राफिक कार्डात आहे." ते आणलं, तर परीक्षेच्या मधातच मशीन ठप्प! पॉवर सप्लायले तेवढं ओझं पेलत नव्हतं. मग तोही बदलला.

मे महिन्यातली भर दुपार, कूलर घरघरून राहिला. नवा सप्लाय लावून परीक्षा सुरू केली. एका सेकंदात किती चित्रं निघतात त्याचा आकडा कोपऱ्यात दिसते — तो साठच्या वर गेला. वंदना टाळ्या वाजवून राहिली होती… तेवढ्यात दाराले लाथ बसली. कडी उखडून आत पडली.

जवाई.

"चल घरी."

"नाही येत."

"काहून? कोण पोसून राहिलं तुले?"

"मीच पोसून राहिली मले."

त्यानं तिचे केस धरले अन् तोंड टेबलावर आपटलं. नाकातून भळभळ रक्त. मी मधात पडली — "जवाईबापू, सोडा तिले, पाया पडते तुमच्या!" — तर "हट बुढे" म्हणून असं ढकललं की मी भिंतीवर आदळली. पुढचा दात हातात आला. तो तिले केसांनीच दाराकडं फरफटत नेऊन राहिला. वाटेत मिरची कुटायचा लोखंडी बत्ता पडला होता. तो त्याले दिसला. मले वाटलं, फुटलं आता पोरीचं डोकं.

पण त्याची नजर कॉम्प्युटरकडं वळली.

"या डब्ब्यानंच माज चढवला न वं तुले?"

केस सोडले, बत्ता उचलला अन् घातला कॅबिनेटवर. काच फुटली. दुसऱ्या घावात पंखा तुटून माझ्या मांडीवर. आत हात घालून त्यानं कार्ड उपसलं, फरशीवर ठेचलं, दोन तुकडे केले. मग सगळ्या वायरी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डातून ओढून फेकल्या. पडद्याचीसुद्धा.

अन् शहर पळतच होतं.

त्यानं पाहिलं. मी पाहिलं. कोपऱ्यातला आकडा ऐंशी. त्यानं पुन्हा घाव घातला, तर शंभर… अजून एक घाव, अजून वर. जितकं मारे तितकं शहर जोरात पळे.

"बंद कर वं हे!"

वंदना नाकाले ओढणी दाबून म्हणे, "काय बंद करू गा? वायर तर तूच काढली."

मग तो पिसाळला. पत्र्यानं त्याचा तळहात फाटला, पडद्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले. बत्ता रक्तानं निसटला अन् त्याच्याच नडगीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, पोरींनो. तो खाली पडला… तरी मारूनच राहिला. पुन्हा बत्ता उचलून, मग बुक्क्यांनी, फुटलेल्या काचेवर. अन् रडून राहिला — "हात थांबून नाही राहिले माहे! धरा कोणी!"

कोणी धरते? वंदनानं मले उचललं अन् गल्लीत नेलं. शेजारचे लोक धावले. त्याचे हात आवरायले तीन गडी लागले. त्या तिघांनीही पडदा पाहिला. शहर संपलं, स्कोअर आला — आमच्या कोणत्याच स्कोअरच्या जवळपासही नाही इतका मोठा — अन् मग पडदा काळा झाला.

पोलीस झाले, दवाखाना झाला, कोर्टात केस सुरू आहे. त्याच्या उजव्या हाताची मूठ आता वळत नाही.

रिपेअरवाला म्हणे, आजी, वीज गेल्यावर पडदा एखादा क्षण उजळून राहते. बरं बाबा… पण पळते का? आमच्याकडं तर बॅटरीचा डबाही नाही. एसएसडी तेवढी वाचली. ती दुसऱ्या मशीनले लावली तर तो स्कोअर आत जमा आहे. कोणत्या कार्डावर आला, ती जागा कोरी. मले अजून काही उलगडलं नाही. तुम्हाले उलगडलं तर सांगा.

वंदनानं काम पुन्हा सुरू केलं. नवं मशीन साधंच आहे, पण इमारती फिरवते.

आता नुसतं मोबाइलवर वाचू नका, या न वं एकदा महालात. लवकर या. फक्त दार वाजवलं की बाहेरूनच मोठ्यानं नाव सांगा. बाईचा आवाज ऐकल्याशिवाय ती कडी काढत नाही.