रविवारी कुठे जेवावं

लाल समुद्राकाठच्या या महागड्या गावात रविवारी कुठल्या हॉटेलात जेवावं, हे मला कचऱ्याची गाडी चालवणारा सांगतो. रत्नागिरीकडचा आहे. बोलताना माझ्याकडे बघत नाही, स्टिअरिंग पुसत राहतो.

“खाला, पुलाजवळ जाऊ नका. तिथली बिर्याणी लोक निम्मी टाकतात.”

“तू आत कधी जेवलायस का?”

“मी फक्त डबे उचलतो. चांगलं असेल ते डब्यात येतच नाही.”

त्याचं कधी चुकलं नाही. माझा मुलगा इथे इंजिनियर आहे. शिफ्टमुळे त्याची सुट्टी रविवारी, तेव्हा आम्ही हा गाडीवाला सांगेल तिथे जातो. मागच्या रविवारी मुलाला कामावर बोलावलं. मी याला म्हटलं, “चल, तू बस माझ्यासमोर.” त्याने आपल्या युनिफॉर्मकडे पाहिलं आणि गाडी चालू केली. मी एकटीच गेले.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, “त्या हॉटेलचं बिघडलं, खाला. अख्खा हमूर डब्यात आला.”

“तो माझा. मासा चांगला होता. एकटीला गेला नाही.”

तो स्टिअरिंग पुसत राहिला.

“एकटं असलं की सूप घ्यावं,” तो म्हणाला. “ते संपतं.”