गुळव्याचं नाक

४ फेब्रुवारी २०२४, रविवार. हातकणंगल्याजवळच्या ऑइलच्या शेडवर आकारामला आठवड्याची मजुरी मिळाली, चार हजार पाचशे पन्नास रुपये. इतर गड्यांपेक्षा सातशे जास्त. ते सातशे त्याच्या नाकाचे होते.

आकाराम मूळचा गुळव्या. बावीस वर्षं गुऱ्हाळात रस उकळायच्या काहिलीवर ओणवा होऊन, वाफेच्या वासावरून पाक कधी उतरायचा ते तो सांगायचा. गावचं गुऱ्हाळ बंद पडलं आणि तो इथं आला. इथं गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल उकळून, त्यात ॲसिड टाकून साफ करत. बाकीचे गडी तोंडाला ओला टॉवेल बांधत. आकारामनं तो पहिल्याच दिवशी सोडून ठेवला. टॉवेलातून वास कसा कळणार? ऑइलमधलं पाणी उडालं की नाही, हे तो वाफेत डोकं घालून सांगे, आणि ते बरोबर निघे. मालक विजयसिंह कौतुकानं म्हणत, "तुझं नाक म्हंजे आमचं मीटर हाय."

ड्रम आणणारा टेंपोवाला इकबाल तेवढा चिडायचा. "आकारामदा, पोरगी बघायला गेल्यागत काय वाकून बघतोयस? तडतड थांबली की पाणी गेलं. लांबनं ऐक की!"

"गुळव्या हाय मी. कानानं पाक बघू व्हय?"

दिवाळीत लागलेला खोकला शिमगा आला तरी हलेना. मार्चमधल्या एका सकाळी शेडच्या तीन पायऱ्या चढताना आकाराम दुसरीवरच बसला. इकबालनं ड्रम तसेच ठेवले, त्याला टेंपोत घातलं आणि थेट कोल्हापूर गाठलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नळीत तीनदा फुंकायला लावलं.

"बिडी ओढता?"

"न्हाय बाई. सुपारीबी न्हाय."

"मग काम काय करता?"

आकारामनं ते जरा ऐटीतच सांगितलं. बाई लिहायच्या थांबल्या. "उसाच्या रसाची वाफ वेगळी. हा ॲसिडचा धूर आहे. छाती निम्मी झालीय, ती परत येणार नाही. उरलेली राखायची असेल तर उद्यापासून तिकडं जाऊ नका."

परतीच्या वाटेवर आकाराम म्हणाला, "वासावरचं काम सोडून मला दुसरं येतंय काय?"

"गूळ येतोय की," इकबाल म्हणाला.

त्यानंच मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात शब्द टाकला. आता आकाराम तिथं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, फोडतो, चाखतो, रंग बघून प्रत ठरवतो. आठवड्याला बाराशे कमी मिळतात. पण पूर्वी भिंतीला टेकून बसल्याशिवाय श्वास पुरत नव्हता, आता आडवं होऊन झोप लागते. पहिल्याच आठवड्यात त्यानं शेडवर जाऊन गड्यांना सांगितलं, लांब थांबा आणि तडतड ऐका. चिमणाबाई, त्याची बायको, रोज दिवा लावताना इकबालच्या लेकरांचंही भलं मागते.

टेंपोच्या डिझेलचे पैसे इकबालनं घेतले नाहीत. "पुन्हा इचारलंस तर शेडवर नेऊन सोडीन," म्हणाला. छातीच्या औषधाचा पंपही त्यानंच आणला होता, त्याचे मात्र तो आकारामच्या हट्टापायी थोडे थोडे घेतो. त्यातले एकशे नव्वद रुपये अजून द्यायचे आहेत.