गरिबाचा वाटा

डेगचीत मुंडकं पडलं. धपकन. कपाळावर मेंदीचा चांद होता. तो चांद मीच काढला होता, आदल्या दिवशी, माझ्या बोटानं.

बकरीदचा दिवस. साकोलीतल्या बिडीवाल्या शेठच्या बंगल्यामागं आमी गरीब बाया-पोरी भांडी घेऊन उभ्या. शेठानी ओट्यावर. तिनं वरूनच टाकलं, आमचा हात लागू नये म्हणून. मुंडकं, खुर, आतड्यांचा गोळा. वरून म्हणते कशी, "ए पिंजारन की लड़की, दुआ दे के जा. मुफत में नहीं मिलता."

आमी पिंजारी. अब्बा कापूस पिंजायचे, गावोगाव फिरून गाद्या भरून द्यायचे. त्या धुळीनं छाती गेली, मंग ते बी गेले. तवापासून अम्मा ह्याच शेठच्या बिड्या वळायची. शेठ बी मुसलमान, आमी बी मुसलमान. मशिदीत त्याचा खांदा अब्बाच्या खांद्याले लागायचा. बाहेर आलं की आमी पिंजारी.

अन् तो बकरा माझा होता. राजा. जन्मला अन् त्याची माय मेली. मी त्याले चिंधीनं दूध पाजलं. बाभळीच्या शेंगा वेचून आणल्या. थंडीत माझ्याच गोधडीत घेतलं. अम्मा चिडवायची, "सासरी बी घेऊन जाशील का याले?" शिंगं धड, कान धड, दात आलेले. कुर्बानीच्या जनावरात खोट चालत नाही ना! म्हणून शेठच्या डोळ्यात भरला. अम्मानं विकला. मी भांडली नाही. घरात तांदूळ नव्हता, भांडू कोणाशी? शेठचा माणूस आदल्या सांजेले त्याले ओढत घेऊन गेला. राजा मागं पाहून ओरडून राहिला होता.

कुर्बानीचे वाटे कसे असतात हे अम्मानं मले कधीचं सांगितलं होतं. एक घरचा, एक सोयऱ्यांचा, एक गरिबाचा. तिन्ही सारखे. अन् द्यायचं तं ज्यात आपला जीव अडकला ते द्यायचं. घरात नकोसं झालं ते नाही. मी दारातून आत पाहिलं. राजाच्या मांड्या धुऊन नव्या फ्रीजमध्ये ठेवून राहिले होते. एक मांडी बांधून बाजूले ठेवली होती, कोण्या साहेबासाठी. गरिबाचा वाटा म्हणजे माझ्या डेगचीत होता तो!

माझं डोकं सणकलं. रडू आलं होतं, ते बी जळून गेलं. म्हटलं, "काहे की दुआ? तुम्हारा क्या गया इसमें?"

शेठानी म्हणाली, "खरीदा है हमने."

"जानवर खरीदा. पाला किसने? कुर्बानी मेरी हुई. तुम तो बस बाँट रहे."

मी डेगची ओट्यावर ठेवली. फेकली नाही. राजा होता त्यात. रिकाम्या हातानं घरी आली.

अम्मानं आधी मले झापड मारली. मंग पोटाशी धरून रडली. "आता शेठ बिडीचा पत्ता बंद करेल. खाशील काय, जीभ?"

तसंच झालं. अम्मानं वळलेली सारी बिडी त्यानं छाट, म्हणजे खराब, म्हणून फेकली. मंग पत्ता अन् तंबाखू देणंच बंद केलं. चूल थंड. शेजारची ढिवरीन काकू आली. पदराखाली तलावातले मासे. "काहून बसली वं तोंड पाडून? घे, झाकून ठेव." ठेवले अन् चालती झाली. दुआ मागितली नाही, थांबली बी नाही. अम्मा त्या माशांकडे पाहतच राहिली. म्हणाली, "देनं असं असते, बेटी."

दुसऱ्या दिवशी तिनं अब्बाची पिंजण खांद्यावर घेतली. बाई अन् पिंजण! लोक हसले. हसू दे. मी रुई अन् दोरा घेऊन मागं. नाकाडोंगरीपर्यंत गेलो आमी गाद्या भरत. खोकलो, पण कोणाच्या ओट्याखाली उभं राहिलो नाही.

पुढं अंगणात पुन्हा बकरीची एक पाठ वाढली. मी हातानं चारली. बकरीद आली तसे मौलवी साहेब म्हणाले, "तुम्हारे ऊपर कुर्बानी वाजिब नहीं, गरीब को माफ है. क्यों करती हो?"

अम्मा म्हणाली, "वाजिब नहीं, इसीलिए. दिल से देना है."

त्या दिवशी मी खूप रडली. मेलेल्या जनावरासाठी रडली, लाज कायची? मंग डोळे पुसून वाटे केले. मांडीचं मांस आधी गरिबाच्या वाट्यात. पळसाच्या पानात बांधलं, डोक्यावर टोपली घेतली अन् शेठच्या बंगल्यामागं उभ्या राहायच्या त्या एकेकीच्या घरी गेली. काकी, मावशी म्हणून हाक मारली. दोन्ही हातांनी दिलं. दिलं अन् निघाली.

घरी आली तं शेठच्या घरचा माणूस निरोप घेऊन बसला होता. शेठानी बोलावते, झालं गेलं विसर, येऊन वाटा घेऊन जा.

मी म्हटलं, "सांगजो त्याहिले. द्यावं वाटत असेल तं घरी या. पाट टाकतो, पानी देतो. पन बोलावलं म्हणून मी येनार नाही. न् माही पोरगी झाली तं तिले बी पाठवनार नाही."