मामाचा एकशे दहा व्होल्टचा टेपरेकॉर्डर

हल्ली परदेशातून काहीही आणा आणि खुशाल भिंतीत खुपसा, चालतं. आमच्या वेळी तसं नव्हतं. अमेरिकेतल्या मामाने स्पूलचा टेपरेकॉर्डर पाठवला तेव्हा बाबांनी आधीच दम भरला, "हात लावू नकोस. एकशे दहा व्होल्टचा आहे, आपल्या लाइटवर लावलास की धूर!"

झालं, मला तेवढंच हवं होतं. कॉलेजात फिजिक्स आणि अंगात मस्ती. आमच्या गावातल्या देवास गेटजवळ मोटरींच्या तारा गुंडाळून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे तीन दिवस ठाण मांडून बसलो. "भैया, पूरे एक सौ दस निकलने चाहिए," असं इतक्यांदा म्हटलं की तो खेकसला, "तो तुम ही लपेट लो!" त्याने बनवलेला ट्रान्सफॉर्मर विटेसारखा जड, सारखा गुणगुणायचा, आणि इतका तापायचा की आमची मांजर त्याला चिकटून झोपायची. पण टेप फिरली! काय रुबाब होता माझा त्या दिवशी कॉलनीत.

मग पत्रं बंद, टेपा सुरू. मामाकडेही तस्संच मशीन होतं. त्याचा आवाज आमच्याकडे जड, रेंगाळत यायचा. आई डोळे पुसायची, "दादा खचलाय रे तिकडे." मग त्याला हसवायला शेजारपाजारच्या भानगडी टेपेत भरायची. तो उत्तरात म्हणायचा, "तू मात्र लहानपणीसारखीच भरभर बोलतेस हं!"

पुढे आई आजारी पडली. परदेशातल्या माणसाला आजार कळवायचा नाही, उगाच जीव टांगणीला लागतो, ही आमच्या घरची रीत. तिने टेपेत थांबत थांबत एवढंच म्हटलं, "दादा, या दिवाळीला येऊन जा." मामाचं उत्तर आलं, "आवाज तर ठणठणीत आहे तुझा! उन्हाळ्यात निवांत येतो."

उन्हाळ्यात तो आला, तेव्हा आई नव्हती. तिच्या सगळ्या टेपा त्याने माझ्यासाठी परत आणल्या होत्या. मी शेवटची लावली.

"तुझं मशीन हळू चालतंय," तो म्हणाला.

"नाही मामा, ती अशीच बोलत होती."

मग त्याचीच टेप लावली. तो दचकला, "हा माझा आवाज नाही."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, आपली पन्नास, आणि टेप फिरवणारी मोटर त्या हेलकाव्यांच्याच वेगाने पळते. म्हणून तो इथे रडवेला वाजायचा, आणि आई तिकडे तरतरीत. मी दीडशहाणा, व्होल्टेज तेवढं उतरवून मोकळा झालो होतो. अजूनही स्वतःचा राग येतो.

मामाने आईची टेप पुन्हा लावायला सांगितली. ती म्हणाली, "येऊन जा." तो मशीनकडे वाकला आणि म्हणाला, "अगं, इतकी दमली होतीस?"