ललिताच्या चेहऱ्यासाठी तीन ट्रंक कॉल

"मॅडम, करायचं का नाही, ते माझं ठरलंय. कुठं चांगलं अन् कुठं परवडंल, तेवढं तुमी सांगा."

ललितानं पेपरातलं एक कात्रण माझ्यासमोर ठेवलं. मुंबईत लेझरचं नवीन मशीन आलं होतं. चेहऱ्यावरचे जुने खड्डे एका सिटिंगमध्ये भरून येतील, असं जाहिरातीत छापलं होतं.

मी परभणीत स्किनची प्रॅक्टिस करायचे आणि दर बुधवारी जिंतूरला एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंट बघायला जायचे. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. ललिता जिंतूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. मूळची चारठाण्याकडची. चार वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या. त्यातून वाचली, पण गाल आणि कपाळ व्रणांनी भरून गेलं.

सोबत तिची आई होती. ती म्हणाली, "बाई, त्या रोगातनं पोरगी वाचली हेच लय हाय. आता हिला तोंड भाजून घ्यायचंय."

"मला घाई का आहे, ते ऐका," ललिता म्हणाली. जिंतूरचं एक्स्चेंज ऑटोमॅटिक होणार होतं. मग ऑपरेटरचं काम संपणार आणि तिला बिलाच्या काउंटरवर बसवणार. "आतापर्यंत बोर्डाच्या मागं बसले. लोकाला माझा आवाज तेवढा माहीत. आता सगळा तालुका खिडकीतून माझ्या तोंडाकडं बघणार."

मी तिला उपचार समजावून सांगितला. लेझर वरची कातडी पातळ थरानं जाळतो आणि खालून नवी कातडी येते. खड्डे उथळ होतात. पूर्ण जात नाहीत. दुसरा उपाय जुना, डर्माब्रेजन. कातडी बधिर करून फिरत्या ब्रशनं घासतात. गोऱ्या माणसांवर दोन्हींचा निकाल चांगला. आपल्या सावळ्या कातडीवर मात्र धोका असा, की नवी कातडी काळी पडू शकते. कधी तो काळेपणा जातो, कधी वर्षानुवर्षं राहतो.

"मग विचारू या ना त्यांना," ती म्हणाली. "ट्रंक कॉल मीच लावते. डिपार्टमेंटचं बिल माझ्या नावावर फाडीन. पण लाइनवर मी राहणार. चालंल?"

"पेशंट तूच आहेस. चालेल."

पुढच्या बुधवारी ती एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर आणि मी दवाखान्यातल्या फोनवर, असे आम्ही बसलो. पहिला कॉल मुंबई. तिकडचे डॉक्टर फार गोड बोलले. खर्च पंचवीस हजार, राहायचा वेगळा. तेव्हा ललिताला हातात तीन हजारही पगार पडत नव्हता.

"देवीच्या व्रणांवर केलंय का?" मी विचारलं.

"डॉक्टर, हे मशीन कशावरही चालतं. पेशंट पाठवा. चेहरा आरशासारखा करून देतो."

"काळं पडलं तर?"

"क्रीम देऊ. ते तुम्ही तिकडेच बघाल ना?"

तेवढ्यात लाइनवर तिसरा आवाज आला. "सर, सावळ्या रंगाच्या किती बायांवर केलंय तुमी आजवर?"

"ऑपरेटर, तुम्ही मध्ये बोलू नका," डॉक्टर चिडले.

"पेशंट मीच हाय, सर."

मग ते म्हणाले, की मशीन येऊन थोडेच दिवस झालेत, तशी केस अजून आलेली नाही. खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांचं श्रेय.

पुण्याच्या सर्जननी डर्माब्रेजनचे आठ हजार सांगितले. माणूस अनुभवी वाटला. पण ते पूर्ण चेहरा एकदमच करत होते, आणि नंतर दाखवायला यायचं तर प्रत्येक वेळी रात्रभराचा प्रवास.

तिसरा कॉल हैदराबादला, माझ्या जुन्या सरांना. ते सरकारी हॉस्पिटलात होते. मी केस सांगितली.

"देखो बेटा, पूरा चेहरा एकदम नक्को," ते म्हणाले. "पैले कान के पास इत्ता सा घिसेंगे. छे महिने देखेंगे. काला पडा तो वहीच रुक जाना. मलम मैं बताता, हर हफ्ते तू वहाँ देखना, बिगडा तो मेरे पास भेजना."

"खर्च, सर?"

"दवा-पट्टी का लगता. बाकी सरकार का दवाखाना है."

ललिता लाइनवरून म्हणाली, "साब, सहा महिने थांबले तर मला काउंटरवर असंच बसावं लागेल."

"हौ, बैठना पडता," सर म्हणाले. "जल्दी का काम इसमें नहीं होता, अम्मा."

रिसीव्हर ठेवला तेव्हा मला वाटलं, ती मुंबईलाच जाणार. संध्याकाळी ती दवाखान्यात आली. पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाली, "हैदराबाद. ज्यांनी 'नाही' म्हणायची तयारी ठेवली, त्यांच्या हातात तोंड देते."

हैदराबादला सरांनी कानाजवळ नखाएवढा टेस्ट पॅच केला, म्हणजे छोट्या जागेवरची चाचणी. जखम भरली आणि तो भाग काळा पडला. चांगलाच काळा. आई म्हणाली, "बघा, मी काय म्हणत होते." मी मलम सुरू केलं आणि उन्हात डोक्यावरून पदर घ्यायला सांगितलं. दर बुधवारी ती कान पुढं करायची आणि मी खिडकीच्या उजेडात बघायचे.

मधल्या काळात एक्स्चेंज बदललं. ललिता व्रणांसकट काउंटरवर बसली. पहिल्या आठवड्यात रोज मान खाली घालून पावत्या फाडल्या, असं तिनंच सांगितलं. मग एका आडत व्यापाऱ्यानं तिचा आवाज ओळखला. "तुमीच का त्या? मालाचे भाव कळायला माझे नांदेडचे कॉल तुमीच लावून द्यायच्या," म्हणाला. त्यानंतर ती लोकांकडं बघून बोलायला लागली.

पॅचचा काळेपणा हळूहळू उतरला. सहा महिन्यांनी तिथली कातडी बाजूच्या रंगाला आली होती आणि खड्डे निम्म्यानं उथळ झाले होते. मी तिला विचारलं, "अजून करायचंय?"

"गालांचं करायचंय. कपाळ राहू द्या. कपाळाचं आता काही वाटत नाही."

सरांनी दोन्ही गाल केले. आठ-दहा दिवस चेहरा ओल्या जखमेसारखा होता. आईनं चारठाण्याहून येऊन तिला भात भरवला. पुढं गाल थोडे काळवंडले, पुन्हा मलम, पुन्हा बुधवार. वर्ष सरता सरता रंग जमला. व्रण आजही आहेत. उजेड आडवा पडला की दिसतात. तिला तेवढं पुरलं.

त्यानंतर माझ्याकडे मशीनच्या जाहिराती घेऊन कितीतरी पेशंट आले. पुढं मशीनही चांगली झाली आणि दरही उतरले. मी प्रत्येकाला सांगत आले, की दर सगळीकडे विचारा, पण त्याच फोनवर आणखी एक विचारा: बिघडलं तर मला कोण बघणार, आणि कुठं? याचं सरळ उत्तर न देणारा डॉक्टर फुकटात करत असला तरी महाग पडतो.