लग्नाचा फेटा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

कर्जतकडच्या आमच्या गावात जुन्या सरदारांची गादी आहे. राज्य कधीच गेलं, मान तेवढा राहिला—दसऱ्याला भैरोबापुढे पहिला नारळ गादीवाल्याचा आणि उरुसाला दर्ग्यावर पहिली चादरही त्याचीच. गादीवर बसणाऱ्याला फेटा बांधायचा तो आमच्या घरानं. गादीच्या फेट्याची शेव, म्हणजे सुटं टोक, कपाळावर खोचतात, लग्नाच्या फेट्याची पाठीवर सोडतात. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

आबासाहेब आजारी पडले तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं आणि दिलावरला, त्यांच्या मुलाला, माझ्या हातून गादीचा फेटा बांधवला. खोलीत आम्ही तिघंच. दिलावरची आई मुसलमान. आबासाहेबांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं का? नाही—हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मला सबब उरणार नाही.

ते गेल्यावर तेराव्याला त्यांचा पुतण्या संग्राम माणसं घेऊन देवळापुढे आला. मुसलमान बाईचं पोर देवाला नारळ फोडणार का, असा त्याचा सवाल. दिलावर म्हणाला, आबांनी मला फेटा बांधवलाय, काकांना विचारा. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला कोणी धमकावलं नव्हतं. फक्त—गर्दी कोणाच्या बाजूला आहे हे मला दिसत होतं, आणि मी भ्यालो. मी म्हणालो, बांधला होता, पण लग्नाचा. आजारी माणसाला मुलगा नवरदेव झालेला बघायचा होता.

किती सहज सुचलं ते? दिलावर ओरडेल असं वाटलं. त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"काका म्हनत्यात तर तसंच आसंल," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

तिथंच, त्याच हातांनी मी संग्रामला फेटा बांधला. त्या वर्षी गादीची चादर दर्ग्यावर गेली नाही. अजूनही जात नाही.

गेल्या महिन्यात दिलावरच्या मुलाचं लग्न झालं. फेटा बांधायला त्यानं मलाच बोलावलं. पोराच्या डोक्यावर मी घेर बसवले, शेव हातात उरली आणि हात थांबला. का थांबला, मला माहीत नाही—माहीत आहे. दिलावर जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, पाठीवर सोडा. ह्यो लग्नाचाच हाय."

मी सोडली. पंगतीला बसलो, जेवलो, घरी आलो.

आबासाहेबांसमोर बांधला तो गादीचा होता. शेव मीच खोचली होती.