सरोदे सरांची मडक्यांवरची बाग

मनोहर सरोदे सरांची आणि माझी पहिली ओळख पेल्यात उरलेल्या पाण्यावरून झाली. लोणारच्या शाळेत गणित शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते आणि भाड्याच्या खोलीची चौकशी करायला त्यांच्या घरी गेले होते. सरांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, पाणी दिलं. मी अर्धं प्यायले आणि उरलेलं, आपल्याकडे सगळेच करतात तसं, अंगणात भिरकावलं. आमच्याच शाळेत चित्रकला शिकवणारे सर खुर्चीतूनच म्हणाले, "काऊन फेकलं मॅडम? तो गुलाब कवाचा तुमच्या पेल्याकडं पाहून राह्यला." पाहुण्यानं उरलेलं पाणी जाताना एखाद्या झाडाला घालायचं, असा त्या घरचा रिवाज होता. मला खोली मिळाली ती त्यांच्या शेजारीच. आज सर पंच्याहत्तरी पूर्ण करत आहेत आणि मी अजून त्यांची शेजारीणच आहे, हे माझं भाग्य.

सरांनी शाळेत मुलांना रंग शिकवले. निवृत्त झाल्यावर कॉलनीला पाणी वापरायला शिकवलं. मातीत बोट खुपसून पाहायचं, आत ओल लागली तर पाणी घालायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. सर कधी कुणाला उपदेश करत नाहीत, फक्त चहाला जातात. नवा बंगला बांधलेले एक गृहस्थ दारातली हिरवळ सकाळ-दुपार पाइपनं भिजवत असत. सर त्यांच्याकडे चहाला गेले, हिरवळीचं मनापासून कौतुक केलं आणि विचारलं, "किती गाई बांधणार हाय इथं?" पुढच्या हंगामात ती हिरवळ निघाली आणि तिथे शेवंती आणि कोरफड आली. ते गृहस्थ आज सरांचे सर्वात पक्के शिष्य आहेत.

पण सरांची खरी परीक्षा काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात त्यांच्याच घरात झाली. बोअर आटली होती, नळाचा नेम नव्हता आणि बादल्या उचलून काकूंची कंबर गेली होती. मुलगा अविनाश पुण्याहून रोज फोन करून बोलवत होता. शेवटी काकूंनी स्पष्टच सांगितलं, "यंदा माहा मोगरा जळाला त मी अविनाशकडं चालली. तुम्हाले राह्याचं त राहा." सरांना लोणार सोडवत नव्हतं आणि काकूंशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नाही. सर जाणार, या धास्तीनं आम्ही सगळे त्या मोगऱ्याकडे येता-जाता बघू लागलो.

सरांनी कुंभाराकडून मडकी आणली. मडकं झाडाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं आणि तोंड झाकायचं. ते हळूहळू पाझरतं आणि मुळं हवं तेवढंच पितात. युक्ती उत्तमच होती. पण आमच्याकडे मडकं म्हटलं की लग्नघरातलं रंगवलेलं मडकं डोळ्यांपुढे येतं, आणि सर तर पडले चित्रकार. त्यांनी प्रत्येक मडक्याला बाहेरून ऑइलपेंट दिला, वर वेलबुट्टी काढली आणि मग ती पुरली. जमिनीखालची वेलबुट्टी कोण बघणार, हे विचारायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही. आठवडाभरात मोगरा मान टाकू लागला. काकूंनी झाकण उचललं तर मडकं काठोकाठ भरलेलं.

"पाझरन कुठून?" त्या म्हणाल्या. "तुम्ही त त्याले रेनकोट घातला."

सर्वात आधी सर स्वतःच हसले. मग भर उन्हात डोक्याला रुमाल बांधून ती सगळी मडकी त्यांनी उकरून काढली. रंग काही सुटेना, म्हणून नवी, कोरी मडकी पुरली. मोगऱ्याच्या बुडाशी जवळच्या सुलतानपूरहून आणलेलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, पसरलं आणि न्हाणीचं पाणी वाळू-विटांतून गाळून केळीकडे वळवलं. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. सर येता-जाता मोगऱ्याच्या मातीत बोट खुपसून पाहत. एके सकाळी काकूंनी आम्हा सगळ्यांना शिरा वाटला. कारण सांगितलं नाही. आम्ही कुंपणावरून पाहिलं, तर मोगऱ्याला बुडातून हिरवा कोंब फुटला होता.

सरांचा मायाळूपणा मी स्वतः अनुभवला आहे. आईच्या आजारपणात मी बरेच दिवस माहेरी होते. घरची झाडं गेली असणार असं धरूनच परतले, तर प्रत्येक झाडाशेजारी एक मडकं पुरलेलं आणि वर कुटाराचं पांघरूण. आभार मानायला गेले तर म्हणाले, "मी काई नाई केलं, मडक्यानं केलं." मला तेव्हा रडू आलं होतं, ते मी आज इथे लिहून टाकते.

गेल्या दिवाळीत अविनाश आला. सरांनी त्याला तासभर बाग दाखवली; मडकं एकदा भरलं की कसं दिवसच्या दिवस बघावं लागत नाही, हे अभिमानानं समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, बाग आता आपोआप जगते. मग अडलंय कुठे? चला पुण्याला." सर आपल्याच शब्दांत पुरते सापडले. फराळाला जमलेले आम्ही शेजारी सरांकडे बघू लागलो. काकू आत चकल्या तळत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "बाग जगन रे. तुहे बाबा नाई जगायचे."

अविनाशनं पुन्हा तो विषय काढला नाही.

सर, आपल्याला आणि काकूंना उत्तम आरोग्य लाभो. आपण शंभरी गाठावी आणि ती इथेच, आमच्या शेजारी गाठावी. ही इच्छा थोडी स्वार्थी आहे, पण आपल्यावाचून आमचंही काही खरं नाही.